ऑब्जेक्ट आधी, क्लास नंतर : दूध संस्थेच्या खात्यांवरून ओओपी शिकवताना

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगचा (ओओपी) पहिला तास बहुतेक ठिकाणी फळ्यावर चार शब्द लिहून सुरू होतो : एन्कॅप्सुलेशन, ॲब्स्ट्रॅक्शन, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम. मुले व्याख्या उतरवून घेतात, तोंडी परीक्षेत धडाधड म्हणून दाखवतात. प्रॅक्टिकलला बसली की क्लास (एका प्रकारच्या गोष्टींचा आराखडा) लिहितात, त्याचा एकही ऑब्जेक्ट (त्या आराखड्यावरून बनलेली प्रत्यक्ष गोष्ट) बनवत नाहीत आणि आउटपुट का येत नाही म्हणून विचारत बसतात. पदविकेच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांबरोबर आम्ही हा विषय दुसऱ्या टोकाकडून घेतो. फळ्यावरचे ते चार शब्द, म्हणजे ओओपीचे चार खांब, शेवटी येतात, दोन तर नाव न घेताच येऊन जातात. आधी मुलांच्या हातात ऑब्जेक्ट द्यायचा, आणि 'दोन वेगळे ऑब्जेक्ट' व 'एकाच ऑब्जेक्टची दोन नावे' यांतला फरक प्रत्येकाला कागदावर काढून दाखवता येईपर्यंत पुढे सरकायचे नाही.

सहा सत्रे, प्रत्येक दोन तासांचे, चोवीस जणांची तुकडी, भाषा पायथन ३. लूप, फंक्शन, लिस्ट, डिक्शनरी एवढे आधी आलेले हवे. फंक्शनमधून किंमत परत कशी येते हे कच्चे असेल तर पहिला अर्धा तास त्यालाच द्यावा लागतो. तो वाचवला तर चौथ्या सत्रात दुप्पट जातो.

उदाहरण एकच, शेवटपर्यंत : गावातली दूध संस्था. पुस्तकांत बँकेचे खाते असते, पण त्यात जमा आणि काढणे यापलीकडे काही घडत नाही. दूध संस्थेत सभासद असतात, सकाळ-संध्याकाळ दूध येते, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) मोजले जाते, त्यावरून दर ठरतो, दहा दिवसांनी बिल निघते, पशुखाद्याची उचल कापली जाते. बऱ्याच मुलांच्या घरी ते कार्ड खुंटीला लटकलेले असते, त्यामुळे हिशेब चुकला की तो चुकला हे त्यांना आपणहून कळते.

पहिल्या सत्रात क्लास हा शब्दही काढत नाही. तीन लिस्ट करायला सांगतो : नावे, लिटर, बाकी. किसन, सखू, दगडू, हौसा असे चार सभासद. पंधरा मिनिटांत प्रोग्रॅम चालतो आणि सगळे खूश असतात. मग सांगायचे, सखूने संस्था सोडली, तिचे नाव काढा. निम्म्याहून जास्त मुले फक्त नावांच्या लिस्टमधून काढतात. आता दगडूच्या नावापुढे सखूची बाकी दिसते, हौसाच्या नावापुढे दगडूची. एरर कुठेच येत नाही. ज्यांनी तिन्ही लिस्टमधून काढले त्यांना नावे अकारविल्हे लावायला सांगायचे. तिथे तेही फसतात, कारण सॉर्ट एकाच लिस्टवर होतो. ही चूक आम्ही आधी सांगून टाकत नाही. दुसऱ्याचे पैसे तिसऱ्याच्या नावावर गेलेले डोळ्यांनी दिसले की एका माणसाची माहिती एका जागी राहायला हवी, हे पटवून द्यायला वेगळे भाषण लागत नाही.

त्यावर कोणीतरी डिक्शनरी सुचवतेच. सुचवू द्यावे, ती चांगली पायरी आहे. मग एका ठिकाणी 'बाकी' आणि दुसऱ्या ठिकाणी ऱ्हस्व 'बाकि' टाइप झाले की पायथन मुकाट्याने त्या नावाचा नवा खण तयार करतो आणि जमा झालेली रक्कम भलत्याच खणात जाऊन पडते. क्लास आला की हे दुखणे कमी होते, जात नाही. पायथनच्या ऑब्जेक्टवरही चुकीच्या नावाला किंमत दिली तर नवे ॲट्रिब्यूट, म्हणजे ऑब्जेक्टवरच्या माहितीचे नाव, गुपचूप तयार होते. हे तेव्हाच खरे सांगून टाकावे, नाहीतर मुले क्लासला जादू समजतात.

दुसरे सत्र संगणकाशिवाय. सामान थोडे : सहा बाय चार इंचांची चोवीस कोरी कार्डे, चिकट चिठ्ठ्या, सुतळी आणि कपडे वाळत घालायचे चिमटे. केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९८९ साली ऑब्जेक्टचा विचार शिकवायला अशीच पुठ्ठ्याची कार्डे पुढे आणली. त्यांच्या कार्डावर क्लासचे नाव, त्याची जबाबदारी आणि त्याचे सहकारी असत. आम्ही कार्ड आणखी खालच्या पायरीवर वापरतो : एक कार्ड म्हणजे एक ऑब्जेक्ट. त्यावर नाव, सभासद क्रमांक, बाकी. चिठ्ठीवर व्हेरिएबलचे नाव. चिठ्ठीपासून कार्डापर्यंत सुतळी.

मग फळ्यावर चार ओळी : किसनसाठी सभासद बनवा, सखूसाठी बनवा, 'क' ला 'किसन' द्या, 'क' ची बाकी पाचशे करा. पहिल्या फेरीत जवळजवळ प्रत्येक गट तिसऱ्या ओळीला नवे कोरे कार्ड उचलतो आणि किसनची माहिती त्यावर उतरवून काढतो. थांबवायची जागा हीच. बरोबरच्या चिन्हाने कार्ड बनत नाही, फक्त सुतळी बांधली जाते. नवे कार्ड क्लासचे नाव आणि कंस लिहिला तरच. 'क' ची सुतळी किसनच्याच कार्डाला बांधली की चौथ्या ओळीनंतर किसनची बाकी का बदलली, हे कोणी विचारत नाही. मग सारख्या मजकुराची दोन कार्डे शेजारी ठेवायची. मजकूर सारखा, पण कार्डे दोन. पायथनमधला 'इज' एकच कार्ड आहे का विचारतो, दुहेरी बरोबर मजकूर सारखा आहे का विचारतो. एक पुस्ती मात्र जोडावी लागते : आपण स्वतः लिहिलेल्या क्लासला मजकूर कसा तोलायचा हे सांगितले नसेल, तर दुहेरी बरोबरही नुसते कार्डच पाहतो.

ज्यांना पुढे सी प्लस प्लस घ्यायचे आहे त्यांच्यासाठी याच वेळी एक इशारा द्यावा लागतो. तिथे साध्या ऑब्जेक्टला बरोबरच्या चिन्हाने दुसरा ऑब्जेक्ट दिला तर खरोखरच मजकूर उतरतो, म्हणजे कार्ड दोन राहतात. सुतळीचे चित्र पायथन आणि जावासाठी आहे. सी प्लस प्लसमध्ये ते पॉइंटर आणि रेफरन्सला लागू पडते.

याच सत्रात 'सेल्फ' चा पाया घालतो. एका पुठ्ठ्यावर 'सेल्फ' लिहून दोरीने गळ्यात अडकवण्याजोगी पाटी करायची. चार मुले चार सभासद, हातात आपापले कार्ड. 'दूध घाल' ही कृती भिंतीवरच्या एकाच कागदावर लिहिलेली : सेल्फच्या बाकीत रक्कम मिळव. 'किसन, दूध घाल' अशी हाक आली की पाटी किसनच्या गळ्यात जाते आणि कागदावरच्या ओळी तो आपल्या कार्डावर करतो. काम संपले की पाटी काढायची. कृती एकदाच लिहिलेली आहे, कार्डे चार आहेत आणि 'सेल्फ' म्हणजे ज्याला आत्ता हाक मारली तो. वीस मिनिटांत हे बसते. नुसते फळ्यावर समजावले तर 'सेल्फ' हा एक विचित्र शब्द उरतो, जो कंसात लिहायचा असतो म्हणून लिहिला जातो.

क्लास ही कल्पना वर्गीकरणाच्या हौसेतून आली नाही, हेही इथेच सांगतो. ऑस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान दाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांना रांगा, वाहतूक, कारखाने अशा चालत्या व्यवस्थांची नक्कल संगणकावर करायची होती, त्यातून सिम्युला ६७ मध्ये क्लास आणि ऑब्जेक्ट आले. २००१ चे ट्युरिंग पारितोषिक दोघांना याच कामासाठी मिळाले. दूध केंद्रावर सकाळी लागलेली रांग ही त्यांच्या प्रश्नांच्याच जातीची आहे.

तिसऱ्या सत्रात संगणक उघडतो. पायथन ३ मध्ये व्हेरिएबल, फंक्शन आणि क्लासची नावे देवनागरीत देता येतात आणि या आणि पुढच्या सत्राच्या कोडमध्ये आम्ही ती तशी देतो. 'सभासद', 'बाकी', 'दूध_घाल' असे वाचताना क्लासचे नाव कोणते आणि भाषेचा शब्द कोणता हे लिपीवरूनच वेगळे दिसते. अडचणीही ठरलेल्या आहेत. आकडे इंग्रजीच टाइप करावे लागतात. कोडमध्ये थेट ५०० लिहिले तर अक्षर अवैध म्हणून एरर येतो, पण तेच अवतरणात लिहून 'इंट' या पूर्णांक बनवणाऱ्या फंक्शनला दिले तर पाचशे नीट मिळतात. काही कीबोर्ड अक्षरांच्या मध्ये न दिसणारे जोडचिन्ह टाकतात, विशेषतः 'दुसऱ्या' सारख्या शब्दातल्या अर्ध्या र साठी. ते नावात आले की पायथन अडतो आणि पडद्यावर काहीच चुकलेले दिसत नाही. म्हणून नावांत असे जोडाक्षर टाळायचे. कीबोर्ड सतत बदलून बोटे थकतात, तेव्हा पाचव्या सत्रापासून हीच मराठी नावे रोमन लिपीत लिहितो.

पहिला क्लास दहा ओळींच्या वर जाऊ देत नाही. त्यात तीन मेथड, म्हणजे क्लासच्या आत लिहिलेली फंक्शने : ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालणारी सुरुवातीची मेथड, 'दूध_घाल' आणि 'बाकी_सांग'. यात होणाऱ्या चुका दरवर्षी त्याच असतात, फक्त नावे बदलतात. सुरुवातीच्या मेथडच्या नावात 'इनिट' च्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर लागतात. एकेकच टाकला, किंवा घाईत 'इंट' झाले, तर क्लास लिहिताना तक्रार येत नाही. ऑब्जेक्ट बनवताना 'सभासद टेक्स नो आर्ग्युमेंट्स' असे येते आणि मूल आर्ग्युमेंट मोजत बसते. मेथडच्या कंसात 'सेल्फ' विसरले तर पायथन म्हणतो, शून्य घेते पण एक दिले. मुलाला वाटते, आपण तर काहीच दिले नाही. तेव्हा फळ्यावर दोन ओळी शेजारी लिहायच्या : किसन.दूध_घाल(२५०) आणि सभासद.दूध_घाल(किसन, २५०). दोन्ही एकच. टिंबाच्या डावीकडचा किसन आपोआप पहिल्या जागी जाऊन बसतो, म्हणजेच पाटी त्याच्या गळ्यात पडते.

मेथडच्या आत 'सेल्फ' विसरण्याचे दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे ओळखता यायला हवेत. सुरुवातीच्या मेथडमध्ये नुसते 'बाकी = ०' लिहिले तर ती किंमत मेथड संपताच नाहीशी होते आणि बऱ्याच पुढे, भलत्याच ओळीवर, ॲट्रिब्यूट नाही म्हणून एरर येतो. 'दूध_घाल' मध्ये नुसते 'बाकी = बाकी + रक्कम' लिहिले तर तिथल्या तिथे लोकल व्हेरिएबलची तक्रार येते. पहिला प्रकार जास्त त्रासाचा, कारण चूक एका जागी आणि बोंब दुसऱ्या जागी.

चौथे सत्र आम्हांला सगळ्यांत मोलाचे वाटते. बाकीबरोबर आता रोजच्या नोंदीही ठेवायच्या असतात. काही मुले नोंदींची रिकामी लिस्ट सुरुवातीच्या मेथडमध्ये न करता क्लासच्या अंगात, वरच लिहितात. किसनने सकाळी दूध घातले, की सखूच्या, दगडूच्या, हौसाच्या खात्यातही तीच नोंद दिसते. कार्डाच्या भाषेत, प्रत्येकाच्या कार्डावर वही नाही. भिंतीला एकच वही टांगली आहे आणि सगळे तिच्यातच लिहितात. इथवर समजते. पण एखादे हुशार मूल म्हणते, आम्ही बाकीही तशीच वर शून्य लिहिली होती, ती का नाही मिसळली? या प्रश्नाला घाईत उत्तर देऊ नये. 'सेल्फ.बाकी' मध्ये अधिक-बरोबर वापरले की पायथन आधी वाचतो : किसनच्या कार्डावर बाकी नाही, म्हणून भिंतीवरचे शून्य घेतो. मग बेरीज करून जे लिहितो ते किसनच्या कार्डावर लिहितो. भिंतीवरचे शून्य जागेवर राहते. लिस्टला 'अपेंड' करताना कार्डावर काही लिहिलेच जात नाही. भिंतीवरची वही सापडते आणि तिच्यातच भर पडते. वाचताना कार्ड आणि मग भिंत, लिहिताना थेट कार्ड, हा नियम समजला की पुढे इनहेरिटन्समध्ये मेथड कुठून सापडते हेही निम्मे समजलेले असते. सुरुवातीच्या मेथडच्या कंसात रिकामी लिस्ट ठरलेली किंमत म्हणून दिली तरी हेच घडते, कारण ती लिस्ट मेथड लिहिली जाते तेव्हा एकदाच बनते.

याच सत्रात 'प्रिंट' आणि 'रिटर्न' चे भांडण मिटवतो. 'बाकी_सांग' मध्ये प्रिंट केले तर पडद्यावर आकडा छान दिसतो. सगळ्या सभासदांची बेरीज करायला सांगितली की हातात 'नन', म्हणजे काहीच नाही, येतो. मेथडने उत्तर परत द्यायचे, छापायचे की नाही हे बोलावणारा ठरवील. आणि ऑब्जेक्ट थेट छापला की क्लासचे नाव व मेमरीतला पत्ता दिसतो, त्याला मुले एरर समजतात. त्यासाठी 'एसटीआर' ही मेथड दोन ओळींत लिहून घेतो. लिस्ट छापली तर तरीही पत्तेच दिसतात, कारण लिस्ट आतल्या ऑब्जेक्टसाठी 'रेप्र' ही दुसरी मेथड वापरते. एवढे सांगून पुढे जायचे.

पाचव्या सत्रात दर येतो. गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला जाहीर होतो, म्हशीचा ६.० आणि ९.० ला, आणि त्यावर-खाली पॉइंटप्रमाणे वाढतो-कमी होतो. वर्गासाठी आम्ही सोपे आकडे धरतो : ३.५ ला ३० रुपये, दर ०.१ फॅटला ३० पैसे, एसएनएफ सध्या बाजूला. मुले सरळ सूत्र लिहितात : फॅटमधून ३.५ वजा करा, ०.१ ने भागा, पूर्णांक घ्या. ४.१ फॅटला ६ पॉइंट यायला हवेत; येतात ५. संगणकात ४.१ नेमका मावत नाही, भागाकार ५.९९९ च्या पुढे कुठेतरी येतो आणि 'इंट' त्याचा ५ करतो. शेतकऱ्याचे लिटरमागे ३० पैसे गेले. म्हणून ऑब्जेक्टच्या आत फॅट दशांशात पूर्णांक ठेवायचे, ४१; पैसे पैशांत, दूध मिलिलिटरमध्ये. ७५०० मिली गुणिले ३१८० पैसे, भागिले १०००, म्हणजे २३८५० पैसे, २३८ रुपये ५० पैसे.

एन्कॅप्सुलेशन हा शब्द आम्ही या जागी पहिल्यांदा उच्चारतो, कारण आता त्याला काम आहे. आत पैसे ठेवले की रुपये, हे बाहेरच्याला कळायची गरज नाही. त्याने मेथडला विचारायचे. उणे लिटर किंवा ४१० फॅट आले तर 'दूध_घाल' नेच नाकारायचे. प्रत्येक फील्डला एक गेट (वाचणारी) आणि एक सेट (बदलणारी) मेथड लावणे म्हणजे एन्कॅप्सुलेशन नव्हे, हे आम्ही ठासून सांगतो. बाकी कुणीही थेट बदलू शकेल अशी 'सेट_बाकी' ठेवली तर दार लावून किल्ली दारालाच लटकवल्यासारखे होते. बाकी बदलण्याचे रस्ते दोनच : दूध घालणे आणि कपात.

सहाव्या सत्रात इनहेरिटन्स, म्हणजे एका क्लासपासून दुसरा क्लास (सबक्लास) काढणे. शब्द कळताच मुले ते सगळीकडे लावतात. 'किसन' नावाचा क्लास 'सभासद' पासून काढतात. 'संस्था' हा क्लासही 'सभासद' पासूनच काढतात, कारण संस्थेत सभासद असतात. इंग्रजी पुस्तकांतली 'इज-ए' आणि 'हॅज-ए' ही कसोटी इथे उपयोगी पडत नाही, कारण मराठीत दोन्हीकडे 'आहे' येतो : किसन सभासद आहे, संस्थेकडे सभासद आहे. पण मराठीत आणखी धारदार कसोटी आहे, 'आहे' आणि 'असतो' ची. 'किसन सभासद आहे' : एका विशिष्ट माणसाबद्दल बोललो, म्हणून किसन ऑब्जेक्ट. 'सूत्राचे दरपत्रक हे दरपत्रकच असते' (दर काढणाऱ्या क्लासचे नाव 'दरपत्रक') : एका सबंध प्रकाराबद्दल बोललो, म्हणून सबक्लास. 'संस्थेकडे सभासद असतात' : 'कडे' किंवा 'मध्ये' आला, म्हणून आत ठेवायचा घटक. प्रत्येक क्लाससाठी असे वाक्य वहीत लिहायला लावतो आणि क्रियापदाखाली रेघ मारायला लावतो. 'आहे' वरून क्लास काढणारे मूल आपली चूक आपणच पकडते.

वाक्य जुळले तरी एक तपासणी उरते. 'संचालक हा सभासद असतो' हे खरे, पण निवडणुकीत पडला की संचालक राहत नाही आणि ऑब्जेक्टचा क्लास असा उतरवून ठेवता येत नाही. पद बदलणारे असेल तर ते सभासदाच्या आत एक माहिती म्हणून ठेवावे. गाय आणि म्हैस यांच्या दरपत्रकांचेही तसेच : पद्धत एकच, आकडे वेगळे, म्हणून क्लास एक आणि ऑब्जेक्ट दोन. काही ठिकाणी मात्र दर सूत्राने न काढता छापील तक्त्यातून घेतला जातो. तिथे पद्धतच वेगळी, म्हणून क्लास वेगळा. दोन्हींत 'दर' नावाची मेथड असली की सभासदाला आपल्यापुढे कोणते दरपत्रक आहे हे विचारावे लागत नाही. पॉलिमॉर्फिझम तो हाच, आणि पायथनमध्ये तो इनहेरिटन्सवाचूनही मिळतो. फॅटची मर्यादा तपासणे दोघांत समान आहे, तेवढे वरच्या क्लासमध्ये जाते. सबक्लासने स्वतःची सुरुवातीची मेथड लिहिली आणि 'सुपर' ला, म्हणजे वरच्या क्लासच्या मेथडला, बोलवायचे विसरले तर वरच्याने ठेवायची माहिती ठेवलीच जात नाही. एरर पुन्हा उशिरा आणि दूरच्या ओळीवर येतो.

शेवटच्या चाळीस मिनिटांत नवी मागणी देतो : पशुखाद्याची उचल नोंदवायची आणि दहा दिवसांच्या बिलातून कापायची, मात्र बिल उण्यात जाऊ द्यायचे नाही, उरलेली उचल पुढच्या बिलात न्यायची. कोड लिहिण्याआधी कोणत्या क्लासच्या कोणत्या ओळी बदलतील याचा अंदाज कागदावर लिहून घेतो आणि नंतर खऱ्या बदलाशी ताडून पाहतो. ज्यांचा बदल फक्त 'सभासद' मध्ये बसतो त्यांची जबाबदारीची वाटणी बरोबर आहे. 'संस्था', 'दरपत्रक' आणि छपाईच्या ओळींनाही हात लावावा लागला, तर बहुतेक वेळा बिलाची वजाबाकी 'सभासद' च्या बाहेर केलेली सापडते.

गुण व्याख्येला नाहीत. सात-आठ ओळींचा प्रोग्रॅम देतो, त्यात दोन सभासद, एक जादा नाव, एक क्लासच्या अंगातली लिस्ट. प्रत्येक ओळीनंतर कार्डे, चिठ्ठ्या आणि सुतळ्या काढायच्या. तपासताना आधी कार्डे मोजतो, मग सुतळीचे टोक कुठे जाते ते बघतो. कार्डांची संख्या चुकली असेल त्याच्याकडून दुसरे सत्र पुन्हा करून घेतो, बाकीचे त्यानंतर.